मिनी ड्रोनची बॅटरी आणि चार्जर : माल भरण्याआधी हे तपासा

दसरा महिनाभरावर आला की रामलीला मैदानावर स्टॉल टाकायचा विचार करणाऱ्या पोरांचे फोन सुरू होतात. हिंगोलीचे असतात, वसमत, कळमनुरी, सेनगावचे असतात, औंढ्याचे असतात. औंढ्याच्या पोरांच्या डोक्यात तर दसऱ्याच्या पुढची महाशिवरात्रीची यात्राही असते. प्रश्न एकच : "सर, ते छोटे ड्रोन भरू का? चालतील का?"

ड्रोन चालतात. हवेत एक नग उडवून दाखवला की गर्दी जमते, त्यासाठी वेगळी जाहिरात लागत नाही. पण मी उलटा प्रश्न विचारतो : सोबत बॅटरी कोणती देणार आणि चार्जर कोणता देणार? यावर बहुतेकजण म्हणतात, "डब्यात येतो तोच की." धंदा तिथेच फसतो.

आधी हिशेब बघा. आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या बिलाचे आकडे टाकून परत करा. समजा एक ड्रोन ९०० ला पडला आणि तुम्ही तो ११०० ला विकला. नगामागे २०० सुटले. २० नग विकले, ४,००० झाले. आता त्यातले ४ गिऱ्हाईक परत आले आणि तुम्हाला पैसे परत द्यावे लागले. उरलेल्या १६ नगांचे ३,२०० सुटले आणि परत आलेले ४ नग म्हणजे ३,६०० रुपयांचा माल अडकला. दसरा, दिवाळी राबून खिशातून ४०० गेले. त्याच चार जणांना जागेवर १२० रुपयांची बॅटरी बदलून दिली असती तर खर्च ४८० आणि हातात ३,५२० राहिले असते. तक्रार तीच, गिऱ्हाईक तेच. फरक एवढाच की दुखणं बॅटरीचं आहे हे तुम्हाला ओळखता आलं आणि तपासलेली बॅटरी तुमच्याकडे होती.

परत येणाऱ्या माणसाचं बोलणंही ठरलेलं असतं. "दादा, लेकरू रडायलंय, हे उडंना झालंय." नाहीतर "दोन मिनिटात खाली पडतंय." नाहीतर "रात्रभर लावलं तरी चार्ज होईना." पंखा उलटा बसवणं, मोटरीत केस अडकणं हे प्रकार सोडले, तर माझ्या काउंटरवर येणाऱ्या तक्रारी बहुतेक बॅटरी आणि चार्जरच्याच असतात. आणि "रात्रभर लावलं" हे वाक्य ऐकलं की मला नफ्यातोट्यापेक्षा दुसरीच काळजी वाटते. ही लिथियमची बॅटरी आहे. खराब चार्जरला लावून गादीवर, लेकराच्या उशाशी ठेवली तर ती पेटू शकते. आपण पिशवीत काय घालून देतो त्याची जबाबदारी आपल्यावर येते, मग डब्यावर नाव कुणाचंही असो.

कायद्याचं थोडक्यात

१४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तयार ड्रोन बाहेरदेशातून आणायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुटे भाग आणता येतात. त्यामुळे होलसेलवाला "इम्पोर्टेड माल आहे, बिल नको" म्हणाला की खाली ठेवा आणि पुढचं दुकान बघा. पक्कं बिल घ्या. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र 'नॅनो' गटात येतं आणि ते उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. आपली खेळणी याच गटात बसतात. बॅटरीवर बीआयएसचा आर- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकून तिथेच खरा-खोटा करता येतो. एवढं पुरे, आता मुद्द्यावर.

स्टिकरवर चार गोष्टी, विश्वास एकीवरही नाही

लहान ड्रोनची बॅटरी म्हणजे बहुतेक वेळा एकच लिथियम पॉलिमर सेल. चपटी, चंदेरी, वर रंगीत स्टिकर. त्यावर ३.७ व्होल्ट लिहिलेलं असतं. हा मधला आकडा. पूर्ण भरली की ४.२ व्होल्ट, आणि ३ व्होल्टच्या खाली गेली की सेल कायमची दुखावते. काहींवर ३.८ व्होल्ट लिहिलेलं असतं, ती जात थोडी वेगळी : ४.३५ व्होल्टपर्यंत भरते. ३.८ वाली बॅटरी साध्या ४.२ च्या चार्जरला लावली तर थोडी कमी भरेल, बिघडणार काही नाही. पण ३.७ वाली ४.३५ च्या चार्जरला लावली तर ती फुगणार. दुकानात दोन्ही जाती ठेवू नका. काउंटरवर बसलेला पोरगा गर्दीत चुकणारच.

दुसरा आकडा एमएएच, म्हणजे टाकी किती मोठी. तिसरा 'सी', म्हणजे टाकीचा नळ किती मोठा. या सी वरून नव्या लोकांना फार उल्लू बनवलं जातं, म्हणून इथे जरा थांबू.

समजा ५०० एमएएचची बॅटरी आहे आणि ड्रोन ७ मिनिटं उडतो. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून ८० टक्के वापरली धरा : ४०० एमएएच. ७ मिनिटांत ४०० म्हणजे तासाला सुमारे ३४०० च्या वेगाने, म्हणजेच सरासरी ३.४ अँपिअर ओढले. चार मोटरी आहेत, प्रत्येकीला एकाही अँपिअरपेक्षा कमी. ३.४ ला ०.५ ने भागा, ७ सी आला. एकदम वर उचलताना याच्या दुप्पट लागेल असं धरलं तरी १५ सी, फार तर २० सी. मग ५०० एमएएचच्या बॅटरीवर "७५ सी" छापलेलं असेल तर त्याचं काय करायचं? काहीच नाही. मात्र या गणितातून एक गोष्ट पक्की कळते : जुन्या मोबाइलची बॅटरी किंवा साध्या ब्लूटूथ स्पीकरची सेल इथे चालत नाही. तिची टाकी मोठी असली तरी नळ बारीक. एमएएच भरपूर दिसतात, पण ड्रोन जमिनीवरच थरथरत राहतो. यूट्यूब बघून मोबाइलची बॅटरी जोडणारे मॅकेनिक याच ठिकाणी अडकतात.

चौथी गोष्ट वजन. ती स्टिकरवर नसते, पण माझ्या मते सगळ्यात खरी तीच.

तराजू घेऊन खरेदीला जा

चांगल्या लहान सेलमध्ये एका ग्रॅमला साधारण ४० एमएएच बसतात. म्हणजे ५०० एमएएचची बॅटरी वायर-पिनेसकट १२-१३ ग्रॅमच्या आसपास भरते, आपल्या भाषेत तोळ्याहून थोडी जास्त. हा आकडा तंतोतंत नाही, पण खोटं पकडायला पुरेसा आहे. हात दुमडणारे, कॅमेरा लावलेले जे ड्रोन ई५८, ई८८ अशा नावांनी मिळतात, त्यांची बॅटरी प्लॅस्टिकच्या डबीत असते. आतली सेल दिसत नाही. डबीवर १८०० एमएएच लिहिलेलं असेल तर नुसती सेलच ४५ ग्रॅमच्या जवळपास हवी. तुमच्या काट्यावर अख्खी डबी २५ ग्रॅम भरली तर आत १८०० असूच शकत नाही. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा चालतो. हैदराबादच्या कोटीत, गुजराती गल्लीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाल तेव्हा काटा आणि मल्टीमीटर दोन्ही खिशात ठेवा. होलसेलवाला आधी हसेल. दोन डब्या काट्यावर ठेवल्या की हसायचा थांबतो आणि आतल्या कप्प्यातून दुसरा माल काढतो, हा माझा अनुभव आहे.

मल्टीमीटरचं काम तिथे काय? न वापरलेली नवी बॅटरी ३.७ ते ३.९ व्होल्टच्या दरम्यान दिसली पाहिजे, कारण कारखान्यातून ती अर्धवट भरूनच येते. एखादी ३.३ किंवा त्याखाली दिसली तर ती किती दिवस गोदामात पडून आहे याचा अंदाज बांधा. आणखी एक बघा : एकाच लॉटमधल्या दहा बॅटऱ्या मोजल्या तर आकडे एकमेकांच्या जवळ असायला हवेत. सहा बॅटऱ्या ३.८१ आणि चार ३.४ असतील, तर तो लॉट नाही, गोळा केलेला माल आहे. चंदेरी पाकीट बोटाने हलकं दाबून बघा. उशीसारखं लागलं तर घेऊ नका, फुकट दिलं तरी नको.

मोठी बॅटरी लावली की जास्त वेळ उडेल, असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. थोडं खरं आहे. ५०० च्या जागी ६५० किंवा ७०० बसत असेल तर मिनिट-दोन मिनिटं वाढतात. पण ४०-५० ग्रॅमच्या ड्रोनवर ६ ग्रॅम जास्तीचे म्हणजे काही थोडंथोडकं नाही. मोटरी सतत जोर लावतात, गरम होतात. या ब्रशवाल्या मोटरींचं आयुष्य तसंही काही तासांचंच असतं, ते आणखी कमी होतं. मी गिऱ्हाइकाला सांगतो, एका मोठ्या बॅटरीपेक्षा त्याच मापाच्या दोन घ्या. त्यात त्याचाही फायदा आणि आपलाही.

पिन बसली म्हणजे जमलं असं नाही

बॅटरीच्या टोकाच्या पिना चार-पाच प्रकारच्या येतात. १.२५ मिलिमीटरची बारीक, २ मिलिमीटरची पांढरी, ५१००५ नंबरची, आणि लाल रंगाची जेएसटी. दिसायला सारख्या, पण एकमेकींत बसत नाहीत, त्यामुळे माल भरताना तुमच्याकडच्या ड्रोनची पिन सोबत न्या. खरा धोका मात्र बसणाऱ्या पिनेचा आहे. एकाच मापाच्या पिनेत एका कारखान्याने लाल वायर डावीकडे दिली आणि दुसऱ्याने उजवीकडे, असं सर्रास होतं. पिन टचकन बसते, आणि त्याच क्षणी ड्रोनचं सर्किट जळतं. धूर येतो, वास येतो, ९०० रुपये गेले. नवीन लॉटची पहिली बॅटरी लावण्याआधी जुनी आणि नवी शेजारी धरून वायरीचा रंग बघा, मग मीटरने प्लस-मायनस बघा. रंगावर एकट्या विसंबू नका. दहा सेकंदांचं काम आहे.

चार्जर : खरी परीक्षा दिवा बदलल्यानंतर

चार्जरला दोन गोष्टी करता आल्या पाहिजेत. ४.२ व्होल्टला थांबणं आणि बॅटरीला झेपेल एवढाच करंट देणं. लहान बॅटरीला तिच्या एमएएचएवढा करंट ही वरची मर्यादा समजा : ५०० एमएएचला अर्धा अँपिअर. त्याहून कमी असेल तर वेळ लागतो, नुकसान नाही.

डब्यात येणाऱ्या यूएसबी वायरीत कधी नीट चार्जिंगची चिप असते, कधी नुसता एक रेझिस्टन्स आणि दिवा. बाहेरून दोन्ही सारख्याच. ओळखायचं असं : चांगली बॅटरी लावा, दिवा बदलेपर्यंत थांबा, बॅटरी काढून दहा मिनिटांनी मीटर लावा. ४.१५ ते ४.२० दिसलं की पहिली पायरी पास. मग तीच बॅटरी त्याच चार्जरला परत लावून आणखी तासभर समोर बसून ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा तिथेच राहिला तर चार्जर थांबतोय. ४.२५ च्या वर सरकला तर तो चार्जर कापून टाका. परत डब्यात ठेवू नका, कारण गर्दीत कुणीतरी तो विकणारच. स्वस्त मीटर एक-दोन पॉइंट इकडेतिकडे दाखवतो, तेवढी सूट धरा. आणि ही परीक्षा सिमेंटच्या किंवा फरशीच्या जागेवर करा, काउंटरच्या काचेवर किंवा पुठ्ठ्यावर नको.

दिव्याचंही एक आहे. काही वायरींत चार्जिंग चालू असताना लाल दिवा लागतो आणि भरली की विझतो. काहींत नेमकं उलटं : भरली की लागतो. तुमच्या लॉटमधली वायर कोणती ते स्वतः बघून गिऱ्हाइकाला सांगा. "चार्जच होत नाही" या तक्रारीतल्या किती तरी इथेच मिटतात.

दुसरी मिटणारी तक्रार टाइप-सी ची. डबीतल्या बॅटरीला टाइप-सी ची खाच असते, गिऱ्हाईक घरचा नवा मोबाइल चार्जर लावतं, ज्याच्या वायरीच्या दोन्ही टोकांना सी आहे. चार्जिंग सुरूच होत नाही. बॅटरी बिघडलेली नसते. दोन्हीकडे सी असलेली वायर समोरच्या यंत्राने ओळख दिल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि ओळख देणारे दोन छोटे रेझिस्टन्स स्वस्त बॅटरीत टाकलेलेच नसतात. जुन्या चौकोनी यूएसबीची, एका टोकाला सी असलेली वायर द्या, लगेच सुरू होतं. लोकांना उलटी भीती असते की फास्ट चार्जरने बॅटरी जळेल. फास्ट चार्जर समोरून मागणी आल्याशिवाय ५ व्होल्टच देतो, आणि करंट किती घ्यायचा ते बॅटरीच्या बाजूची चिप ठरवते. तरी चार्जरच्या लहान वायरीसाठी जुना ५ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर सगळ्यात उत्तम, तो प्रत्येक घरात पडलेला असतो.

ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांच्यासाठी : टीपी४०५६ चिपची छोटी पट्टी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते. ४.२ व्होल्टला नीट थांबते. पण ती १ अँपिअरवर सेट होऊन येते, कारण तिच्यावरचा एक रेझिस्टन्स १.२ किलोओहमचा असतो. ५०० एमएएचच्या बॅटरीला हा करंट दुप्पट झाला. तो रेझिस्टन्स काढून २.४ किलोओहम टाका, करंट अर्धा अँपिअर होतो. ४ किलोओहम टाकला तर सुमारे ०.३ अँपिअर, लहान बॅटऱ्यांना हेच बरं. या पट्टीची संरक्षणवाली आवृत्तीही येते, ती फक्त चार्जिंगपुरती वापरा. ड्रोन तिच्यातून चालवायला गेलात तर मोटरींचा करंट वाढताच ती सर्किट तोडते आणि ड्रोन हवेतून दगडासारखा खाली.

चार खाचांचा चार्जर विकायला ठेवणार असाल तर त्यासोबतचा अडॅप्टर तपासा. चार बॅटऱ्यांना प्रत्येकी ०.३ म्हणजे १.२ अँपिअर झाले, १ अँपिअरचा अडॅप्टर गरम होईल आणि सगळ्याच हळू भरतील. २ अँपिअरचा द्या. ५०० एमएएच, ०.३ अँपिअर म्हणजे पावणेदोन ते दोन तास लागणार, हे विकतानाच सांगून टाका. सात मिनिटांच्या खेळाला दोन तास चार्जिंग हे ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. त्या क्षणी दुसरी-तिसरी बॅटरी समोर ठेवायची. हे काही फसवून विकणं नाही, त्याला ती खरंच लागणार आहे.

दोन सेलचे, ७.४ व्होल्टचे ड्रोनही येतात. त्यांना दोन्ही सेल सारख्या भरणारा बॅलन्स चार्जर लागतो, तीन वायरींच्या पांढऱ्या पिनेचा. पहिल्या हंगामात त्या भानगडीत पडू नका.

दुकानातली छोटी तपासणी

तक्रार घेऊन आलेली बॅटरी खराब आहे की ड्रोन, हे गिऱ्हाइकासमोर दोन मिनिटांत ठरवता यायला हवं. त्यासाठी २.२ ओहमचा १० वॅटचा सिमेंट रेझिस्टन्स घ्या. भरलेली बॅटरी मोजा, समजा ४.१५ दिसली. आता रेझिस्टन्स जोडा आणि पाच सेकंदांत पुन्हा मोजा. रेझिस्टन्स तापतो, हात लावू नका. भार टाकल्यावर ४.०० दिसलं तर बॅटरी चांगली : १.८ अँपिअर ओढल्यावर ०.१५ व्होल्ट पडले, म्हणजे उडताना ५ अँपिअर ओढले तरी ३.७ च्या वर राहील. पण भार टाकताच ३.६५ झालं, तर तिचा आतला रोध साधारण ०.३ ओहम झालाय. ५ अँपिअरला दीड व्होल्ट आतच खाल्ले जातील, मोटरींपर्यंत २.६५ पोचतील आणि ड्रोन उचलणार नाही. अशी बॅटरी मीटरवर भरलेली दिसते, म्हणून गिऱ्हाईक "फुल चार्ज आहे" म्हणून भांडतं. त्याच्यासमोर रेझिस्टन्स लावून दाखवला की भांडण तिथेच संपतं.

एमएएच खरे किती हे बघायचं तर यूएसबी टेस्टर घ्या, चार्जर आणि अडॅप्टरच्या मध्ये लागणारा. ड्रोनचे दिवे लुकलुकेपर्यंत उडवा, बॅटरी थंड होऊ द्या, मग टेस्टरमधून चार्ज करा. या साध्या चार्जरमध्ये आत गेलेला करंट जवळपास तेवढाच बॅटरीत जातो, म्हणून टेस्टरवरचे एमएएच जवळजवळ बॅटरीचेच. ५०० वालीत ४०० च्या आसपास भरले तर माल खरा. २३० वर दिवा बदलला तर होलसेलवाल्याला फोटो पाठवा. प्रत्येक लॉटमधल्या दोन-तीन नगांचीच ही तपासणी केली तरी चालते, पण केलेल्या तारखेसकट वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी भाव करताना ती वही उपयोगी पडते.

अगदी मेलेली, २.५ व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी काही मॅकेनिक थेट वीज देऊन 'जागी' करतात. करू नका आणि कुणाकडून करून घेऊ नका. ती जागी होते, पण पुढच्या चार्जिंगला कशी वागेल याचा भरवसा नाही.

आपलं ऊन आणि आपलं गिऱ्हाईक

चार्जिंगसाठी ४५ अंश ही वरची मर्यादा धरतात. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४० च्या वर असतं, पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते मी सांगायला नको. उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी किंवा रात्री जेवणाआधी, झोपल्यावर नाही. स्टॉलवर बॅटऱ्या उन्हात मांडू नका, डेमोसाठी एक बाहेर आणि बाकी सावलीतल्या डब्यात. उडवून आणलेली बॅटरी गरम असते, वीस मिनिटं थांबूनच लावा.

मी प्रत्येक डब्यात मराठीत छापलेली एक चिठ्ठी टाकतो. तुम्हीही टाका, मजकूर हाच वापरला तरी हरकत नाही :

"बॅटरी थंड झाल्यावरच चार्जिंगला लावा. चार्जिंग फरशीवर करा, गादीवर नाही, आणि मोठं माणूस घरात जागं असताना करा. भरली की काढून ठेवा. ड्रोनचे दिवे लुकलुकले की लगेच खाली उतरवा. बॅटरी फुगली तर वापरू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका, दुकानात आणून द्या. आग लागली तर आधी बटण बंद करा, मग भरपूर पाणी किंवा वाळू टाका."

"दुकानात आणून द्या" लिहिलंय म्हणजे घ्यावीच लागते. त्यासाठी झाकणाचा पत्र्याचा डबा, आत कोरडी वाळू, दुकानाच्या मागच्या बाजूला, पेट्यांपासून लांब. पिनेवर चिकटपट्टी लावून टाका. घंटागाडीत जाऊ देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकलिंगला पाठवायची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे होलसेलवाल्याला भाव ठरवतानाच विचारा की खराब माल परत घेणार का. जो हो म्हणतो त्याच्याकडून दोन रुपये जास्त देऊन घ्यायला मी तयार असतो. गोळा झालेला माल नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याला द्या.

गॅरंटी किती द्यायची? बॅटरीवर मी सात दिवस देतो, तेही बिलावर पेनाने लिहून : फुगलेली, टोचलेली, पाण्यात पडलेली सोडून. महिन्याची गॅरंटी देणारा दुकानदार एकतर बॅटरी ओळखत नाही किंवा महिन्यानंतर दुकान उघडणार नाही.

दिवाळी झाली आणि बॅटऱ्या उरल्या, तर त्या पूर्ण भरून ठेवू नका आणि रिकाम्याही ठेवू नका. प्रत्येकीला ३.८ व्होल्टच्या आसपास आणा, पिना एकमेकींना लागणार नाहीत अशा वेगवेगळ्या पाकिटांत घाला, थंड जागेत ठेवा. महिन्यातून एकदा मोजा, ३.६ च्या खाली आलेलीला परत थोडी चार्ज करा. औंढ्याच्या यात्रेपर्यंत माल तसाच्या तसा राहतो. त्याआधी एखादी फुगली तर वाळूच्या डब्यात.

मोटरी आणि पंखे राहिले, ते पुढच्या व्हिडिओत बघू.